शोकेसमधला ब्रश आणि राहीची दाढ

या रे पोरांनो, जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांड्या आवरून घ्या. देवळात कीर्तन उभं राहताना आपण एकमेकांना जागा करून देतो ना, तशी जागा करा. आज तुम्हाला एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही. एक दाढ आहे, आणि ती राहते की जाते एवढाच प्रश्न आहे. पण आधीच सांगून ठेवतो, सांगता सांगता माझा आवाज चढेल. बुवांचासुद्धा चढतो. राग खरा असला की चढतोच.

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा. हिरवी दांडी, तिच्यावर पांढरी रेघ, डोकं लहान, मुलांच्या तोंडात मावेल एवढं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू आपलं वय मोठ्या तोऱ्यात सांगतात. पाटा म्हणतो, मी तीन सुनांचा मसाला वाटला. घागर म्हणते, माझ्यातलं पाणी तुझ्या पणज्यानं प्यायलं. त्यांनी खुशाल सांगावं, त्यांना ते शोभतं. दात घासायच्या ब्रशाचं मात्र जुनं असणं ही मिरवायची गोष्ट नाही. आमचं आयुष्य तीन महिन्यांचं, फार तर चार. तेवढ्यात आमचे केस वाकावेत, कामानं आम्ही झिजावं, आणि आमच्या जागी नवा यावा, हा आमचा धर्म. मी दीड वर्ष नवाकोरा राहिलो. एकही केस वाकला नाही. हीच माझी तक्रार, आणि हीच माझी लाज.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लास्टिक ओतलं, दांडी तयार झाली. मग एका यंत्रानं माझ्या डोक्याच्या बारीक भोकांत तंतूंचे झुबके खटाखट बसवले. दुसऱ्या यंत्रानं त्या तंतूंची टोकं घासून गोल केली. का, तर कोणाची हिरडी खरचटू नये. विचार करा! जे मूल मी अजून पाहिलंही नव्हतं, त्याच्या हिरडीची काळजी माझ्या एकेका केसाच्या टोकावर कोरलेली होती.

तशा उमेदीनं मी मुंबईतल्या एका दुकानात लटकत होतो. गणपतीच्या चार दिवस आधी सुहास नावाचा माणूस आला. भांडुपच्या एका गोदामात कामाला, घर लांज्याच्या आत, हायवेपासून चार किलोमीटरवरच्या वाडीत. घरी बायको दर्शना, थोरली बहीण सीता, आणि एकुलती एक मुलगी राही, तेव्हा दुसरीत. त्यानं अगरबत्ती घेतली, झिरमिळ्या घेतल्या, काचेचे सहा कप घेतले, आणि शेवटी मला उचलून म्हणाला, "हा राहीला."

तेवढे दोन शब्द ऐकून मी धन्य झालो. लांज्याला उतरेपर्यंत सगळी रात्र त्याच्या पिशवीत मी जागाच होतो.

गणपतीचे सात दिवस माझे सोन्याचे गेले. सकाळी सुहास राहीला मागच्या पडवीत उभी करायचा. वाटाण्याएवढी पेस्ट माझ्यावर लावायचा. "वरचे खाली, खालचे वर. दाढांच्या पाठी पण जायचं हां, तिथंच चोर लपतो." राही हसायची, फेस उडायचा. रात्री आरती, भजन, मोदक, आणि मोदकानंतर पुन्हा मी. मला वाटलं, चला, जन्माचं काम मिळालं.

सातव्या दिवशी गणपती गेले. आठव्या दिवशी सुहास गेला. आणि नवव्या दिवशी दर्शनानं मला धुऊन, पदरानं पुसून, ओटीवरच्या शोकेसमध्ये ठेवलं. काचेच्या सहा कपांच्या शेजारी.

राहीनं विचारलं, "आई, ब्रश?"

"ह्यांनी मुंबईहून आणलाय. रोज रोज वापरून खराब कशाला करायचा? बाबा आले की काढू."

ऐकलंत? मित्रांनो, मला सांगा, कोणत्या गावात दात मुंबईहून येतात आणि मुंबईला परत जातात? दात तर राहीच्या तोंडात बाराही महिने राहणार होते! पण आमच्याकडे ही रीतच आहे. चाकरमान्यानं आणलेली वस्तू म्हणजे त्याच्या मायेची खूण. ती वापरली तर माया झिजते की काय, अशी भीती. म्हणून कप काचेत, नवी चादर ट्रंकेत, बॅटरी खोक्यात. कप काचेत राहिले तर कोणाचं काही बिघडत नाही. पण मी? मला कोणी एकदा तरी विचारलं का, बाबा रे, तुझं काम काय?

मग शिमगा आला. सुहास यायच्या आदल्या दिवशी काच उघडली. दर्शनानं मला बाहेर काढून फुंकर मारली आणि राहीला हळूच सांगितलं, "बाबांनी विचारलं तर रोज घासते म्हणून सांग."

सुहासनं विचारलंच. "घासतेस ना गो रोज?"

"हो बाबा."

तो खूश झाला. त्याला वाटलं, वस्तू आणून दिली म्हणजे सवय आणून दिली. पालखी नाचवून सहा दिवसांनी तो परत गेला, मी परत काचेत. मे महिन्यात बारा दिवस. पुढच्या गणपतीत पुन्हा सात. दीड वर्षात माझं काम जेमतेम महिनाभर भरलं. मी ब्रश नव्हतोच, मी पाहुणा होतो. घरचा माणूस आला की माझा मान, तो गेला की माझ्यावर धूळ.

आणि काचेतून मला काय काय दिसत होतं! ओटीवरून मागची पडवी थेट दिसायची. राही उठली की चुलीतली राखुंडी बोटाला लावून दोन फटके मारायची, तेही आई बघत असली तर. नाहीतर एक चूळ, झालं. मग चहात बुडवून गोड टोस्ट. शाळेतून आली की गोळ्या. रात्री दुधात बिस्किटं, आणि त्याच तोंडानं, तशीच, अंथरुणावर आडवी. दातांत अडकलेल्या त्या गोडावर रात्रभर किडीची पंगत बसायची, आणि वाढपी कोणी नसलं तरी तिला काही कमी पडायचं नाही. मी दोन हातांवर, काचेआड, स्वच्छ, कोरडा, बिनकामाचा.

त्याहून मोठं दुःख सांगतो. शोकेसच्या खालच्या फळीवर, काचेच्या बाहेर, हाताला येईल अशा जागी एक गोल डबी होती. मशेरीची. सीता आत्याची. दर आठवड्याला आत्या तव्यावर तंबाखू भाजायची. सगळं घर खोकायचं, मांजर पळून जायचं. ती काळी पूड त्या डबीत भरायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ हिरड्यांना चोळायची. डबीला कुलूप नाही, काच नाही, मुंबईवाला येईस्तोवर थांबणं नाही. जे दात राखायला आलं ते बंदिस्त, आणि जे दात खायला आलं ते मोकळं! हा कुठला न्याय?

आता तुम्ही म्हणाल, ही आत्या दुष्ट असेल. नाही रे. तसं असतं तर गोष्ट किती सोपी झाली असती. सीता आत्या म्हणजे त्या घरातली माया. नवरा लवकर वारला, ती माहेरी आली, आणि राहीला तिनंच खांद्यावर वाढवलं. दर्शना सकाळी आठला काजूच्या फॅक्टरीत जायची ती दिवेलागणीला यायची. तोवर राहीचं सगळं आत्याच करायची. राही गायची तेव्हा आत्या काम टाकून ऐकत बसायची.

आणि राही गायची हो! वरच्या वाडीचे रामजीबुवा, सत्तरीचे कीर्तनकार, देवळात पोरांना टाळ आणि अभंग शिकवायचे. माघातल्या सप्त्यात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. त्यात पहिला अभंग कोणी म्हणायचा, हे बुवा ठरवतात. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच बुवा स्वतः घरी आले. ओटीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "यंदा काल्याला राही उभी राहील."

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. फोनवर सुहास ओरडला, "मी रजा टाकतो! काय वाटेल ते होऊ दे, मी येतो!" राहीला तर त्या दिवसापासून दुसरं काही सुचेनाच. परसात, न्हाणीत, शाळेच्या वाटेवर, तोच अभंग.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी राही गाल धरून घरात आली. दर्शना अजून फॅक्टरीत होती.

"आत्ये, दाढ ठणकते गो."

"बघू. आ कर." आत्यानं तिला दारातल्या उजेडात नेलं. "किडलीय वाटतं. रडू नको गो बाय. थांब."

आणि आत्याचा हात माझ्या खालच्या फळीवर आला. मी काचेआडून बघत होतो. चिमूटभर काळी पूड तिनं राहीच्या बोटावर ठेवली.

"दाढेवर दाबून धर. थुंकी गिळू नको हां, घेरी येल."

"आई ओरडेल."

"आईला कोण सांगणाराय? मी का तू?"

थोड्या वेळात राहीला गरगरलं, ती खांबाला धरून खाली बसली. मग तोंड बधिर झालं. मग ती उठली आणि म्हणाली, "आत्ये, थांबलं गो दुखायचं!"

"मग! आत्या डाक्टरपेक्षा कमी हाय काय?"

दोघी हसल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी काच फोडून ओरडलो असतो. दुखणं झोपलंय गो बाय, मेलेलं नाही! चोर घरात शिरलाय आणि तुम्ही भुंकणाऱ्या कुत्र्याला गुंगी दिलीत! पण ब्रशाला तोंड नसतं. त्याला दुसऱ्याच्या तोंडात जावं लागतं, आणि तिथं तर मला कोणी नेत नव्हतं.

आधी दुखलं की मशेरी. मग दुखेल म्हणून मशेरी. मग नुसतीच. सकाळी मिळाली नाही की राहीचं डोकं धरायचं, शाळेत जायला रडायची. पौषात, आत्या पाणी आणायला गेली की, ती स्वतःच डबी उघडू लागली. नऊ वर्षांची पोर! आणि आत, खाली, दाढ शांतपणे पोखरत चालली होती.

काल्याला सहा दिवस उरले आणि राही सकाळी उठली ती गाल लिंबाएवढा घेऊन. तोंड उघडेना. ताप. दर्शनानं सुहासला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, "पाडून टाका. दुधाची असंल, दुसरी येल."

दर्शनानं फॅक्टरीत निरोप पाठवला, राहीला शाल गुंडाळली आणि निघता निघता थबकली. शोकेसची काच सरकवली. "डॉक्टर विचारतील ब्रश करते का. दाखवायला असू दे," असं म्हणून मला पर्समध्ये टाकलं. लग्नाला जाताना दागिना घ्यावा तसं.

लांज्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, ईशा त्यांचं नाव. राहीला खुर्चीत बसवलं, गालावर हात फिरवला, आणि विचारलं, "रोज ब्रश करते ना?"

"हो तर!" दर्शनानं मला बाहेर काढलं. "हा बघा. ह्यांनी मुंबईहून आणलेला."

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. माझ्या केसांवरून अंगठा फिरवला. मग उलटा करून पाहिलं.

"कधी आणलाय?"

"मागल्या गणपतीला. नाही, त्याच्या मागल्या."

"ताई, माझा ब्रश तीन महिन्यांत खराटा होतो. हा दीड वर्षाचा, आणि एक केस वाकलेला नाही?"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी नीट पाहिलं होतं. मी साक्षीदार होतो, आणि माझी साक्ष माझ्या ताठ केसांवर लिहिलेली होती. त्या ताठपणाची मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

मग डॉक्टरांनी हळूच राहीचा ओठ वर केला. "हे काळं कशाचं? राही, मशेरी लावतेस?"

राहीनं आईकडे पाहिलं. डोळे भरले. "दुखायचं म्हणून. आत्यानं दिली."

"कधीपासनं?" दर्शनानं विचारलं.

"दिवाळीपासनं."

मग दर्शना एकदम म्हणाली, "ती दाढ पाडूनच टाका डॉक्टर. नवी येईल ती तरी नीट राखू."

"नवी यायची नाही, ताई. ही दुधाची नव्हे. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते ना, ती ही. सगळ्यांना दुधाचीच वाटते. ही जन्माची आहे. गेली तर गेली."

दर्शनानं राहीचा हात घट्ट धरला.

"वाचवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "आधी औषधानं सूज उतरू दे. मग मुळापर्यंत साफ करून भरीन. चार फेऱ्या होतील. पण मी एकटी वाचवू शकत नाही. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा ब्रश. रात्रीचा तर अजिबात चुकवायचा नाही. आणि मशेरी बंद. ती भाजलेली तंबाखूच आहे. ती चालू राहिली तर ही दाढ भरून उपयोग नाही, शेजारच्याही जातील."

"आणि सप्त्यात गायचंय तिला. सहा दिवसांनी."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. राहीनं तोंड शालीत लपवलं. ती रडत होती, पण रडायलाही तोंड उघडत नव्हतं.

घरी आलो तेव्हा आत्या दारातच बसली होती, डबी मांडीवर. दर्शनानं पर्स आपटली.

"वन्सं, तुम्ही माझ्या पोरीला मशेरी दिलीत?"

"दुखत होता तिचा. तू फॅक्टरीत. मी काय तिचा रडणा बघत बसू?"

"मला सांगायचं होतंत!"

"आणि तू? तो ब्रस काचेत कोणासाठी ठेवलास गो? त्यापरीस देव्हाऱ्यात ठेवायचास. मी रोज दोन फुलं वाहिली असती!"

काय लागलं असेल दर्शनाला! तिनं मला पर्समधून काढून खाली ठेवलं. मी जमिनीवर, दोघींच्या मध्ये.

मग आत्याच बोलली, अगदी हळू. "माझी पण दाढ दुखली होती गो. सात वर्षांची असेन. माझ्या आयेन हीच लावलान. मायेनच लावलान. मला पण लगेच बरा वाटला. विसाव्या वर्षी पुढचे दोन दात गेले. लग्नात तोंड मिटून बसले, तर लोक म्हणाले, नवरी लाजाळू हाय." ती हसली, पण ओठ उघडले नाहीत. "मला कोणी सांगलाच नाय, की ह्या डबीन नेले ते."

ऐकता ना पोरांनो? एका आईनं मायेनं दिलं, एका आत्यानं मायेनं दिलं. उद्या राहीनंही कोणाला तरी मायेनंच दिलं असतं. मला राग येतो तो ह्याचा! विष वैऱ्यानं दिलं तर माणूस सावध होतो. माया देते तेव्हा हात पुढे करून घेतो.

संध्याकाळी रामजीबुवा आले. राहीचा गाल पाहिला आणि काठी टेकून उभेच राहिले. राही कशीबशी पुटपुटली, "बुवा, मी गाईन."

"नको बाय. देव एक वर्ष थांबेल. दाढ थांबायची नाय." मग ते दोघींकडे वळले. "तुम्ही देवळाचा उंबरा रोज झाडता. सडा टाकता, रांगोळी घालता. नाम ज्या दारातनं बाहेर येतं, त्या तोंडाचा उंबरा कोणी झाडायचा? चाळीस वर्षं मी उभा राहून लोकांना नाम सांगतोय. पण हे एकदाही सांगितलं नाय. माझीच चूक." आणि खरोखर त्या म्हाताऱ्या माणसानं आपल्या दोन्ही कानांना हात लावले.

काल्याच्या दिवशी दुसऱ्याच मुलीनं अभंग म्हटला. राही आत्याला टेकून, गालाला रुमाल बांधून ऐकत बसली होती, असं मला नंतर कळलं.

सुहास मात्र ठरल्याप्रमाणे आला होता. रात्री मला हातात घेऊन त्यानं नेहमीसारखं विचारलं, "घासतेस ना गो रोज?" राहीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. आणि राही म्हणाली, "नाय बाबा. तुम्ही असलात तरच. आता कालपासनं सुरू केलंय."

सुहासनं मला उलटासुलटा करून पाहिलं. "मी आणून दिला की माझं झालं, असं समजत होतो मी." दुसऱ्या दिवशी तो लांज्याला जाऊन आणखी तीन ब्रश घेऊन आला. एक स्वतःला, एक दर्शनाला, एक थोरल्या बहिणीला. त्या दिवशी शोकेसची काच उघडली ती माझ्यासाठी शेवटची. मागच्या पडवीत, उघड्या पेल्यात, डोकं वर करून मी उभा राहिलो.

पण सवय काही पेल्यात उभी राहत नाही हो! राही दहा आकडे व्हायच्या आत चूळ भरून पळायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोन मिनिटं. दोन मिनिटं म्हणजे किती, हे कोण सांगणार? तेव्हा आत्या टाळ घेऊन आली.

"मी गजर धरत्ये. तो सरंस्तोवर हात थांबवायचा नाय."

आणि आत्यानं नामाचा गजर सुरू केला. कीर्तनात असतो तसाच, आधी संथ, मग दुगणीत, मग टाळांचा कल्लोळ. संथ चालीत पुढचे दात, चाल वाढली की दाढा, कल्लोळात दाढांची पाठ आणि जीभ. राहीनं हसत हसत दात घासले आणि गजर बरोबर दोन मिनिटांत संपला. रोज सकाळी एक, रोज रात्री एक. शेजारचे गडगा ओलांडून बघायला यायचे. "काय गो सीते, दातांचा सप्ता लावलास काय?"

"लावलंय! तुझे हायत ते तरी घेऊन ये!"

आणि मशेरी? ती आत्यानं परसात पुरली. पण सांगतो, ते सोपं नव्हतं. पहिले आठ दिवस आत्या घरात सगळ्यांवर खेकसायची, डोक्याला पट्टी बांधून फिरायची. चौथ्या दिवशी पहाटे ती कोयती घेऊन त्या पुरलेल्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. मी पेल्यातून बघत होतो. बराच वेळ उभी होती. मग राही उठून आली, तिनं काही विचारलं नाही, नुसता टाळ आणून तिच्या हातात दिला. आत्यानं कोयती खाली ठेवली.

तीन महिन्यांत माझे केस वाकले, पोरांनो! पसरले, झिजले, चहूकडे झाले. डॉक्टरांनी शेवटच्या फेरीला मला बघितलं आणि म्हणाल्या, "आता हा ब्रश दिसतोय." राहीच्या दाढेवर टोपी बसली. दाढ राहिली. माझ्या जागी नवा ब्रश आला, आणि तो काचेत गेला नाही. मला देवळात टाळांच्या खाचा घासायला दिलं, तेही काम मी आनंदानं करतो.

पण त्याच फेरीला डॉक्टर म्हणाल्या, "आत्या, आता तुम्ही आ करा बघू."

"माझ्यात काय बघताय? राहिलंय काय त्यात?"

त्यांनी पाहिलं. गालाच्या आत, मशेरी चोळायची तिथं, पांढरा चट्टा होता, कॅन्सरच्या आधी उठतो तसा. रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तो काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आणखी वर्ष गेलं असतं तर सांगता आलं नसतं. आता दर तीन महिन्यांनी आत्या तोंड दाखवायला जाते. तोंडात सहा दात उरलेत, ते ती गजर म्हणत घासते.

दुसऱ्या माघात राही काल्याला उभी राहिली. मी तिथंच होतो, टाळांच्या पेटीत. अभंगाचा पहिला सूर निघाला तेव्हा रामजीबुवांनी डोळे मिटले. आणि तिच्या मागे सीता आत्या टाळ धरून उभी होती. गालाला टाके पडल्यापासून तिला मोठ्यानं गाता येत नाही. ती नुसती ओठ हलवत होती.

म्हणून सांगतो मित्रांनो, चांगल्या वस्तू जपून ठेवू नका, चांगल्या सवयी जपा. ब्रश पाहुण्यासाठी नसतो. तो तुमच्यासाठी असतो, रोज, सकाळी आणि रात्री, कोणी बघत असो वा नसो. तीन महिन्यांत त्याला झिजवा. दात दुखला तर आईबाबांना सांगा, डॉक्टरांकडे जा, आणि कोणी कितीही मायेनं डबी पुढे केली तरी हात मागे घ्या.

आणि रात्री झोपायच्या आधी ब्रश हातात घ्याल, तेव्हा माझी आठवण नका काढू. सीता आत्याची काढा. आताच्या नव्हे, सात वर्षांच्या सीतेची, दाढ धरून रडणाऱ्या. तिला जवळ घेणारी आई होती. सांगणारं कोणी नव्हतं.